साखरशेत ते साखरबाव

आमच्याकडे दिवाळी सरली, भात झोडून झालं की माणसं जगायला जातात. जव्हार-मोखाड्याबाहेरच्या वाचकाला हा शब्दप्रयोग कदाचित विचित्र वाटेल. स्थलांतर, हंगामी मजुरी हे सरकारी कागदावरचे शब्द. आम्ही 'जगायला जातो' म्हणतो. कुणी भिवंडी-वसईच्या वीटभट्टीवर, कुणी रेतीवर, कुणी बांधकामावर. माझे वडील ऐन उमेदीची सात-आठ वर्षं सातपाटीच्या बोटीवर खलाशी म्हणून जगायला गेले. त्यामुळे आमच्या घरात समुद्र हा शब्द नवा नाही, पण समुद्र 'बघायला' जायचं, हे मात्र नवं आहे.

मी साखरशेतची. नावात साखर असली तरी आमच्या उतारांवर पिकते ती नागली, वरई आणि भात. तालुक्याच्या गावी मी शाळेत इतिहास शिकवते. गेल्या पावसाळ्यात माझ्या बारा वर्षांच्या भाचीने पुस्तकात पोवळ्यांचं चित्र पाहिलं आणि विचारलं, "आत्या, हे दगड आहे, झाड आहे की जनावर?" जनावर आहे, असं सांगितल्यावर तिचा विश्वास बसेना. "मग दाखव." या दोन शब्दांतून आमच्या घरातल्या पहिल्या सहलीची आखणी सुरू झाली. जगायला नव्हे, फिरायला.

हा लेख त्या आखणीचाच आहे. गाड्यांची वेळापत्रकं बघता बघता मी जुन्या सनावळ्यांत शिरले आणि तिथून अजून नीटशी बाहेर आलेले नाही.

*

पोवळी बघायची तर कुठे? पहिला पर्याय अंदमानचा. पोर्ट ब्लेअरजवळ वंडूरला महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यान आहे, 1983 साली स्थापन झालेलं, पंधरा बेटांचं, 281 चौरस किलोमीटरहून थोडं मोठं. तिथे काचेच्या तळाच्या होडीतून पोवळी दिसतात. त्यांची एक रीत मला फार आवडली. पर्यटकांसाठी जॉली बॉय आणि रेडस्किन ही दोन बेटं आलटून पालटून उघडी ठेवतात. एकावर माणसं, तेव्हा दुसऱ्याला विसावा. आपल्याकडे जमीन पडीक टाकतात तसंच. पण सहा माणसांचं विमानभाडं मांडलं आणि वही मिटून ठेवली.

दुसरा पर्याय कच्छच्या आखाताचा. भारतातलं पहिलं सागरी राष्ट्रीय उद्यान तिथलं. 1980 साली अभयारण्य जाहीर झालं, 1982 साली त्याच्या गाभ्याचं उद्यान झालं. जामनगरजवळच्या नरारा आणि पिरोटनला ओहोटीच्या वेळी पाणी मागे सरतं आणि घोट्याएवढ्या पाण्यातून चालत पोवळी बघता येतात. पोहता न येणाऱ्या आमच्यासारख्यांना हे सोयीचं होतं. पण वडील म्हणाले, "गुजरातच्या दर्यावर नको." त्याचं कारण मला ठाऊक होतं. डहाणू-तलासरीकडचे कितीतरी आदिवासी खलाशी गुजरातच्या बोटींवर जातात, आणि समुद्रातली न दिसणारी सीमा ओलांडली म्हणून पाकिस्तानच्या तुरुंगात वर्षं काढून येतात. वडिलांच्या मनात त्या पाण्याचं तेवढंच चित्र आहे.

उरलं मालवण. पालघरला उतरायचं, वसई किंवा पनवेलहून कोकण रेल्वे धरायची, कुडाळला उतरून एसटीने मालवण. रात्रभराचा प्रवास. समोर सिंधुदुर्ग, त्याच्या बाजूला पद्मगड, आणि दोन्ही बेटांभोवतीच्या खडकांवर पोवळी. 13 एप्रिल 1987 रोजी महाराष्ट्र सरकारने जाहीर केलेलं मालवण सागरी अभयारण्य ते हेच. क्षेत्र 29.12 चौरस किलोमीटर. त्यातला 3.18 चौरस किलोमीटरचा गाभा आणि बाकीचा त्याभोवतीचा पट्टा.

इतिहासाच्या मास्तरणीला सिंधुदुर्ग म्हटल्यावर राहवलं नाही. मी सनावळ काढली, आणि पहिल्याच पानावर आमचा डोंगर भेटला.

*

जव्हार गावाजवळ शिरपामाळ नावाचं पठार आहे. 1664 च्या जानेवारीतल्या सुरतेच्या स्वारीसाठी शिवाजी महाराज निघाले तेव्हा ते या वाटेने गेले. इथे त्यांचा मुक्काम झाला आणि जव्हारचे राजे विक्रमशाह मुकणे यांनी त्यांचा सन्मान केला, अशी आमच्याकडची आठवण आहे. शिरपामाळ हे नावही त्या मानाच्या शिरपेचावरून पडलं, असं सांगतात. शाळेची सहल तिथे जातेच. मुलं स्मारकापुढे फोटो काढतात, समोरच्या दरीकडे बघतात आणि डबे उघडतात.

6 जानेवारी 1664 ला मराठे सुरतेत शिरले. चार-पाच दिवसांत हाती आलेली संपत्ती अंदाजे कोटीच्या घरातली होती. त्याच वर्षी, 25 नोव्हेंबरला, मालवणच्या किनाऱ्यावर मोरयाच्या धोंड्यापाशी पूजा करून समोरच्या कुरटे बेटावर किल्ल्याचं काम सुरू झालं. जंजिऱ्याचा सिद्दी, गोव्याचे पोर्तुगीज, वखारवाले इंग्रज आणि डच यांच्यापुढे उभं राहायचं तर पाण्यात स्वतःचं ठाणं हवं, हा हिशेब होता. बांधकाम हिरोजी इंदुलकरांच्या देखरेखीखाली झालं, 1667 च्या मार्चमध्ये पुरं झालं. सुमारे 48 एकरांचं बेट, भोवती नागमोडी तट, पायाच्या दगडांत ओतलेलं शिसं. सुरतेच्या पैशातून सिंधुदुर्ग उभा राहिला, असं सर्रास म्हटलं जातं. पैशाला नाव नसतं, त्यामुळे कुठला रुपया कुठल्या चिऱ्याखाली गेला हे कोण सांगणार? पण जानेवारी आणि नोव्हेंबर यांच्यामध्ये एकच वर्ष आहे, आणि त्या वर्षाच्या सुरुवातीला एक वाट आमच्या डोंगरातून गेलेली आहे.

भाचीला हे सांगितल्यावर ती खूश झाली. "म्हणजे किल्ल्यात आपला पण वाटा!" मीही खूश झाले असते, पण मी पुढचं पान वाचलं होतं. 1672 च्या जूनमध्ये मोरोपंत पिंगळ्यांच्या फौजेने जव्हार जिंकलं. ज्या विक्रमशाहाने आठ वर्षांपूर्वी पाहुणचार केला, त्याचं राज्य गेलं. जदुनाथ सरकारांनी तिथे हाती लागलेल्या खजिन्याचा आकडा सतरा लाख रुपये दिला आहे. पाठोपाठ शेजारचं रामनगरही गेलं. सुरतेपर्यंतची वाट निर्धोक हवी होती, राजकारणात असंच होतं, हे मला कळतं. पुढे मुकण्यांचं राज्य या ना त्या रूपात 1948 पर्यंत टिकलं, हेही खरं. पण शिरपामाळावर आम्ही 1664 सांगतो, 1672 सांगत नाही. पाहुणा आला तो दिवस आमच्या स्मारकावर आहे, पाहुणा परत आला तो दिवस नाही.

मी हे कुणाला कमी लेखायला लिहीत नाही. सिंधुदुर्गात शिवराजेश्वराच्या मंदिरापुढे मी हात जोडणारच आहे. पण सहलीची आखणी करताना एक प्रश्न मनात बसला तो बसलाच: मोठं आणि चांगलं काम उभं राहतं तेव्हा ते ज्याच्या दारातून जातं, त्याला कुणी विचारतं का?

*

आता पुन्हा 1987. मालवणजवळ जिवंत पोवळी आहेत, हे शास्त्रीय नोंदीत आलं ते 1979 च्या सुमारास. गोव्यातल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे कासिम आणि वाफर या शास्त्रज्ञांनी पश्चिम किनाऱ्यावर ठिकठिकाणी पोवळी असल्याचं तेव्हा लिहिलं. त्याआधी समजूत अशी की, नद्यांचा गाळ आणि पावसाळ्याचं गोडं पाणी यांमुळे कोकणात पोवळी तग धरणार नाहीत. ती धरतात, पण अंदमानसारखी भिंत बांधत नाहीत. खडकाला चिकटून, ठिगळाठिगळाने वाढतात. गढूळपणा सोसणाऱ्या जातीच इथे टिकल्या. त्यांच्यातली काही वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतात. ताटाएवढं पोवळं दिसलं तर ते माझ्या भाचीपेक्षा वयाने मोठं असणार.

असं काही सापडलं की ते राखलं पाहिजे, यात वाद नाही. वाद आहे तो राखण्याच्या रीतीत. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याची घडण जंगल डोळ्यांपुढे ठेवून झाली. नकाशावर रेघ मारायची, आतल्या लोकांचे हक्क जिल्हाधिकाऱ्याने तपासायचे, काही राखायचे, काही काढून घ्यायचे. राष्ट्रीय उद्यान असेल तर सगळेच हक्क संपतात, अभयारण्यात काही उरू शकतात. ही जंगलाची रेघ 1987 साली मालवणच्या पाण्यावर ओढली गेली. दांडी, वायरीच्या किनाऱ्यावरचे गाबीत त्याच पाण्यात पिढ्यान्पिढ्या मासे मारत होते. मराठ्यांच्या आरमारावर ज्यांनी वल्ही मारली, त्या दर्यावर्दी समाजांपैकी हा एक. आम्हाला न विचारता ही रेघ ओढली, ही त्यांची तक्रार. विरोध झाला, तो वर्षानुवर्षं राहिला, आणि अभयारण्य बराच काळ कागदावर एक आणि पाण्यात दुसरंच असं राहिलं.

चार वर्षांनी, 1991 च्या दुरुस्तीत, कायद्यात एक वाक्य आलं: सागरी अभयारण्याची हद्द ठरवताना स्थानिक मच्छीमारांच्या उपजीविकेचं हित जपण्याची पुरेशी तजवीज करावी. वाक्य चांगलं आहे. ते आधी असतं तर अधिक चांगलं झालं असतं.

हे वाचताना मला मालवण दिसत नव्हतं, आमचं रान दिसत होतं. तानसाचं अभयारण्य 1970 चं, आमच्यापासून दूर नाही. राखीव जंगलाची रेघ तर त्याहून कितीतरी जुनी. आजोबांच्या काळी लाकडाच्या मोळीसाठी दंड भरल्याच्या गोष्टी आमच्या घरात भुतांच्या गोष्टींसारख्या सांगतात. 2006 साली वनहक्क कायदा झाला, त्याच्या प्रस्तावनेत आदिवासींवर ऐतिहासिक अन्याय झाल्याचं संसदेने मान्य केलं. गावोगाव दावे झाले, काहींना पट्टे मिळाले, काहींच्या फायली अजून फिरताहेत. पण निदान दावा करायला कायदा आहे. समुद्रात वहिवाट असणाऱ्याला पाण्याचा असा पट्टा देणारा कायदा नाही. पाण्यावर बांध घालता येत नाही आणि नांगरटीची खूण उरत नाही. आजोबा-पणजोबा इथेच जाळं टाकत होते, हे दाखवायचं कशावरून?

आणि मालवणच्या बाबतीत यात आणखी एक पीळ आहे. तिथली रापण कशी असते हे वडिलांनी मला सांगितलं, ते ऐकून होते. होडीतून जाळं अर्धगोलात पसरून दोन्ही टोकं किनाऱ्यावर आणायची, मग अख्ख्या वाडीने दोर ओढायचे आणि आलेल्या मासळीचे वाटे घालायचे. होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा, ओढणाऱ्यांचे वाटे. जाळं किनाऱ्याजवळच पडतं, त्यामुळे समुद्र संपवण्याची त्याची ताकदच नाही. याच पारंपरिक मच्छीमारांनी पर्ससीन जाळ्यांविरुद्ध वर्षानुवर्षं आंदोलनं केली. थवाच्या थवा एका फेरीत उचलणाऱ्या त्या जाळ्यांवर 5 फेब्रुवारी 2016 च्या आदेशाने राज्य सरकारने निर्बंध घातले. म्हणजे समुद्राला मर्यादा हवी, हे म्हणणारे हेच लोक. त्यांच्याशी बोलून अभयारण्य आखलं असतं तर राखणदार घरचेच मिळाले असते. रेघ ओढणाऱ्यांनी राखणदारालाच चोरांच्या रांगेत उभं केलं.

*

मग आम्ही कोण? पर्यटक. रेघेच्या आत जायला ज्याला कुणी अडवत नाही तो.

गेल्या वीसेक वर्षांत मालवण-तारकर्लीत स्नॉर्केलिंग आणि स्कूबा डायव्हिंग वाढलं. तारकर्लीला राज्य पर्यटन महामंडळाचं डायव्हिंगचं प्रशिक्षण केंद्र आहे. मासे कमी झाले तशा कितीतरी होड्या पर्यटकांना न्यायला लागल्या, घरांत पाहुण्यांच्या खोल्या निघाल्या. हे पैसे वाडीत राहतात, ही जमेची बाजू. पण 2020 साली समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी मालवणच्या पोवळ्यांना डायव्हिंगमुळे होणाऱ्या इजेबद्दल निबंध प्रसिद्ध केला. पोहता न येणारा माणूस घाबरला की पाय टेकायला जागा शोधतो, आणि ती जागा पोवळ्याची असते. होडीचा नांगर पडतो तोही तिथेच. 2001 पासून खडक बांधणारी सगळी पोवळी वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे कागदावर त्यांचा मान वाघाएवढा. वाघावर कुणी पाय देत नाही.

त्यात समुद्र तापतो आहे. पाणी नेहमीपेक्षा गरम राहिलं की पोवळी आपल्या अंगातलं रंगीत शेवाळ बाहेर टाकतात आणि पांढरी पडतात. ते शेवाळच त्यांना अन्न पुरवतं. पाणी वेळेत निवलं तर ती सावरतात, नाही तर मरतात. मालवणलाही असा पांढरेपणा दिसलेला आहे. त्यात आमचा हात किती? आमच्या घरात एक मोटारसायकल आहे आणि चूल अजून अर्धी लाकडावर. पण पाय मात्र आमचे आहेत. ते कुठे ठेवायचे हे आमच्या हातात आहे.

एवढं सगळं एके रात्री ओसरीवर सांगितलं, तर वडील बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "पाण्यावर राहायचे आम्हाला पैसे मिळायचे. आता पाण्याखाली बघायचे आपण द्यायचे." आणि हसले. मग बोटीवरच्या दिवसांबद्दल बोलले, जे ते क्वचित बोलतात. पहिल्या वर्षी महिनाभर उलट्या झाल्या. तांडेलाने शिकवलं की दूर एका जागी नजर ठेव. रात्री जाळं टाकून बसलं की खाली काय आहे याचा विचार यायचा, पण विचारायचं कुणाला? सात-आठ वर्षं त्या पाण्यावर काढून त्यांनी तळ एकदाही पाहिलेला नाही.

म्हणून मी ठरवलं, पाण्यात पहिलं तोंड घालायचं ते वडिलांनी.

*

तारखांचा घोळ बरेच दिवस चालला. शाळेला सुट्टी मे महिन्यात. पण तेव्हा मालवणला गर्दी, पाणी तापलेलं, आणि मेच्या अखेरीस किल्ल्याकडच्या होड्या बंद होतात त्या ऑगस्ट संपेपर्यंत. जून-जुलैत मासेमारीही बंद, माशांच्या विणीचा काळ. पाणी नितळ असतं ते नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पण तेव्हा भाऊ आणि वहिनी जगायला गेलेले असतात. फिरायला जायचा हंगाम आणि जगायला जायचा हंगाम एकच आहे, हे मला वहीत रकाने आखल्यावर कळलं. शेवटी भावाने भट्टीवर चार दिवसांचा खाडा सांगायचं कबूल केलं. जानेवारीतला गुरुवार ते रविवार. खाड्याची मजुरी मी सहलीच्या खर्चात धरली आहे. माझ्या मते तो तिकिटाचाच भाग आहे.

वहीतलं शेवटचं पान आता असं आहे. राहायचं दांडीला, मच्छीमाराच्याच घरी. स्कूबा नाही, लाइफ जॅकेट घालून वरून तरंगत बघायचं, आणि एका वेळी दोघांनीच उतरायचं. होडी ठरवताना आधी भाव नाही विचारायचा, आधी विचारायचं, 'नांगर कुठे टाकता?' हा प्रश्न वडिलांचा. आयुष्यभर त्यांनी दोन्ही नांगर हाताळले. शेतातला आणि बोटीवरचा. एक कुठे घालायचा आणि दुसरा कुठे टाकायचा नाही, हे त्यांना कुणी शिकवायला नको. सकाळी रापण असली तर दोर ओढायला जायचं, वाटा मागायचा नाही. पोवळं, शंख, काही उचलून आणायचं नाही. भाचीने याखाली स्वतःच्या अक्षरात लिहिलंय, 'पाय टेकायचे नाहीत.'

किल्ल्यात गोड्या पाण्याच्या तीन विहिरी आहेत. चहूकडून खारं पाणी आणि मधे हे गोडं. त्यांची नावं दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव. साखरबाव ऐकल्यावर भाची टाळ्या पिटत उठली. आपल्या गावाचं अर्धं नाव सहाशे किलोमीटरवर समुद्रात सापडलं, याचा तिला झालेला आनंद माझ्या कुठल्याही सनावळीने झाला नव्हता. तिला त्या विहिरीचं पाणी चाखायचं आहे. पिण्यासारखं आहे का, ते तिथल्या माणसांना विचारून ठरवू. किल्ल्यात आजही काही कुटुंबं राहतात. विहीर त्यांची आहे.

काल आईने विचारलं, मालवणला ज्यांच्या घरी उतरायचं त्यांच्यासाठी काय न्यायचं? मी म्हटलं, अगं, आपण खोलीचे पैसे देणार आहोत. तिला ते पटलं नाही. कुणाच्या दारात रिकाम्या हाताने जात नाहीत. तिने नागली निवडायला घेतली आहे. दोन पायली दळून, फडक्यात बांधून द्यायची म्हणते. सामानात तेवढं ओझं वाढेल. वाढू दे.